समुद्र घाटापलीकडं, पाणी मात्र आपल्या मळीत

निपाणी तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांनी विचारलं आहे : अमेरिकेत हरिकेन (तिकडचं चक्रीवादळ) यायच्या चार-पाच दिवस आधी नकाशे दाखवतात, तरीही माणसं मरतात. मग अंदाज सुधारून उपयोग काय? आणि बेळगाव जिल्ह्याला समुद्रच नाही, तर चक्रीवादळाचे इशारे आमच्या गावांनी का ऐकायचे?

सर, दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं निम्मं उत्तर आपोआप मिळतं. सत्तावीस वर्षं मी हवामानाचे अंदाज आणि पुराचे इशारे या कामात घालवली आहेत. माझं गावही दूधगंगेकाठचं. त्यामुळे हा प्रश्न मला घरातलाच वाटतो.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलेन नावाचं हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. अडीचशेच्या आसपास माणसं गेली. मृतांचा सर्वांत मोठा आकडा किनाऱ्यावरच्या फ्लोरिडातून आला असेल असं कुणालाही वाटेल, पण तो आला नॉर्थ कॅरोलायना राज्यातून, आणि तिथेही पश्चिमेच्या डोंगराळ भागातून. वादळ जमिनीवर आलं तिथून तिथलं आशविल शहर सुमारे सहाशे किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच आहे. वादळ पोहोचायच्या आधीपासूनच तिथे पाऊस लागून राहिला होता. जमीन पाणी पिऊन गच्च झाली होती. मग वादळाबरोबर आलेलं बाष्प डोंगरांनी वर ढकललं आणि बुसिक नावाच्या ठिकाणी तीन-चार दिवसांत ७५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६ च्या पुराची खूणही ओलांडली. इशारे दिलेले होते, अगदी कडक शब्दांत दिलेले होते. पण हरिकेन ही समुद्राकाठच्या लोकांची गोष्ट, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

आता आपल्याकडे बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, पणजीपासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर, आणि मध्ये उभा सह्याद्री. ओल्या वाऱ्याला वर चढवून पिळून काढायला याहून चांगली जागा नाही. कणकुंबी, जांबोटी, आमगावच्या पावसाचे आकडे दर वर्षी आपण पेपरात वाचतोच.

त्यातही एक गोष्ट मुलांना आवर्जून शिकवा. आपल्या नद्यांना पूर आणणारं वादळ आपल्याच समुद्रात असायला लागत नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा एकाच आठवड्यात फुगल्या, गोकाक शहरात पाणी शिरलं. त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात एक डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, तयार झालं होतं आणि ७ ऑगस्टला ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं. चक्रीवादळ म्हणून नाव मिळायला वारा ताशी ६२ किलोमीटरचा लागतो, तेवढाही त्याचा नव्हता. पण त्यानं अरबी समुद्रावरचं पश्चिमेचं वारं जोरानं आत ओढलं आणि ते दिवसेंदिवस घाटावर आपटत राहिलं. टीव्हीवर ओडिशाचा नकाशा बघून आपल्याकडचा माणूस चॅनेल बदलतो. मी मात्र तसा नकाशा दिसला की राधानगरी, काळम्मावाडी, कोयना आणि हिडकल या धरणांचे साठे बघायला घेतो. ही सवय मला उशिरा लागली.

अरबी समुद्रातली वादळं आपल्याला दोन वेळा छळतात : वळवाच्या दिवसांत आणि सुगीत. मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तरी घाटाच्या अलीकडं वारं-पाऊस झालाच. ऑक्टोबर २०१९ चं क्यार पुढे सुपर सायक्लोन झालं आणि किनाऱ्याला न लागता समुद्रातच विरलं. बातमीत ‘धोका टळला’ असं आलं. पण सुरुवातीला ते कोकण-गोव्याजवळ होतं आणि त्या दिवसांच्या पावसानं कापणीला आलेलं भात, काढून ठेवलेलं सोयाबीन भिजवलं. शेतकऱ्याच्या हिशेबात तो धोका टळलेला नव्हता.

आता अंदाजांचं. ते सुधारलेत आणि भरपूर सुधारलेत, हे ठामपणे सांगतो. अटलांटिकमधल्या वादळाचं केंद्र तीन दिवसांनी कुठे असेल हे सांगताना १९९० च्या सुमारास सरासरी पाचशे किलोमीटरच्या आसपास चूक होई. आता ती दोनशेच्या आत आली आहे. आपल्या हवामान खात्याची चोवीस तासांच्या अंदाजातली चूकही आता सरासरी शंभर किलोमीटरच्या आत असते. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावर फनी आलं तेव्हा बारा लाखांवर लोक आधी हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. उपयोग काय या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

वाट सांगणं जमलं, पण ताकद सांगणं अजून अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर ओटिस आलं. आदल्या दिवशी ते साधं वादळ होतं, चोवीस तासांत सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीत गेलं. तिथल्या लोकांना घर सोडायला रात्रसुद्धा मिळाली नाही. कारण वादळाच्या गाभ्यात काय चाललंय आणि त्याच्याखालचं पाणी किती खोलपर्यंत तापलंय, हे वेळेत मोजायला लागतं. अमेरिकेची विमानं त्यासाठी वादळाच्या आत जातात आणि मोजणी करणाऱ्या नळ्या खाली सोडतात. आपल्याकडे अशी नियमित उड्डाणं होत नाहीत. उपग्रह आणि समुद्रातले तरंगते बोये यांच्यावर आपली मुख्य भिस्त आहे. अरबी समुद्र तापत चाललाय, वादळं झपाट्यानं जोर धरायला लागलीत, म्हणून ही मोजणी वाढायला हवी.

आपल्या भागापुरती मला सर्वांत मोठी उणीव वाटते ती घाटातल्या पावसाची. पणजीच्या रडारचा किरण जवळपास सरळ जातो, जमीन मात्र वळत जाते. त्यामुळे ऐंशी किलोमीटरवर येईपर्यंत सर्वांत खालचा किरणही जमिनीच्या किलोमीटरभर वर गेलेला असतो, शिवाय मध्ये कडा आडवा. घाटातला पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतूनच पडतो. म्हणजे कणकुंबीत धो-धो चालू असताना रडारच्या चित्रात तो किरकोळ दिसू शकतो. इथे खरा आधार पर्जन्यमापकांचा. कर्नाटकनं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आपोआप आकडे पाठवणारे मापक बसवलेत, हे फार मोठं काम आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आणि पूर्व टोकाला पावसात केवढा फरक असतो हे आपल्याला ठाऊक आहे. बारा किलोमीटरच्या चौकटीत तो पुसला जायचा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. अंदाज बरोबर असून माणूस जागचा हलत नाही, असं का होतं?

एका पावसाळ्यात आमच्या कार्यालयातून इशारा गेला : ‘घाट परिसरात तुरळक ठिकाणी अति जोरदार पावसाची शक्यता.’ मजकूर मीच पाहिला होता, त्यात शास्त्रीय चूक एकही नव्हती. दोन दिवसांनी नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीच्या अध्यक्षा भेटल्या. म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही तर तुरळक म्हणाला होता. तुरळक म्हणजे शिंतोडेच की ओ!’ आमच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. तिथे पडणारा पाऊस दोनशे मिलिमीटरही असू शकतो. पण ऐकणाऱ्याच्या कानात पहिला शब्द राहिला आणि पुढचं वाहून गेलं. त्या बाईंचं काहीही चुकलं नव्हतं, तो शब्द वापरणाऱ्या माझं चुकलं होतं. त्या दिवसापासून मजकूर खाली जायच्या आधी मी तो कार्यालयाबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवायचो आणि विचारायचो, यातून तुम्हाला काय कळलं? दहा वेळांतले सहा वेळा मला वाक्य बदलावं लागलं.

रंगांचंही तसंच. यलो, ऑरेंज, रेड हे पावसाचे माप आहेत असं बहुतेकांना वाटतं. हवामान खात्याच्या पद्धतीत यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. रंग कामाचा आहे. बातमीत मात्र ‘रेड अलर्ट’ एवढाच शब्द येतो, करायचं काय ते येत नाही. मग दोन-तीन रेड अलर्ट कोरडे गेले की लोक म्हणतात, लांडगा आला रे आला.

अमेरिकेतही हेच झालं, फक्त तिथे शब्दाच्या जागी चित्र होतं. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावरचा तो पांढरा शंकू तुम्ही पाहिला असेल. त्याचा अर्थ एवढाच, की वादळाचं केंद्र साधारण तीनातल्या दोन वेळा या पट्ट्यात राहतं. म्हणजे तीनात एकदा ते बाहेर जाणार, हे त्या चित्रातच गृहीत धरलेलं आहे. शिवाय पाऊस, वारा, समुद्राचं चढतं पाणी शंकूच्या किती बाहेर जाईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. लोक मात्र शंकूची मधली रेघ बघतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान येत होतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष टॅम्पा शहरावर होतं. वादळ दक्षिणेला सरकत गेलं आणि ली काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) किनाऱ्यावर चढलं. शेजारच्या काउंटींनी लोकांना हलवायला सुरुवात केली होती, ली काउंटीचा आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला. समुद्राचं पाणी घरांत शिरून पुष्कळ माणसं बुडाली. हा भाग रेघेवर नव्हता, पण धोक्यातून बाहेरही कधी गेलेला नव्हता. त्यानंतर २०२४ मध्ये तिथे शंकूचं नवं चित्र आलं. त्यात किनाऱ्यापासून आतल्या जिल्ह्यांना दिलेले वाऱ्याचे इशारेही रंगवून दाखवतात. मला ही सुधारणा छोटी वाटत नाही. आतल्या माणसाला नकाशात स्वतःचं गाव रंगलेलं दिसायला लागतं.

आणि इथेच आपल्या सीमाभागाचं वेगळं दुखणं आहे. आपल्या मराठी घरांत टीव्ही लागतो तो मराठी बातम्यांचा. त्यावरचा नकाशा महाराष्ट्राचा. कोल्हापूर लाल, सांगली नारिंगी, आणि कागलच्या पुढे सगळं पांढरं. निपाणीतला माणूस त्या पांढऱ्या जागेत राहतो. आपल्या जिल्ह्याचा इशारा बेंगळुरूच्या केंद्रातून येतो, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आपल्यातले पुष्कळ जण कन्नड बोलतात, व्यवहारापुरतं तर बहुतेकांना येतंच. पण रात्री दोन वाजता आजीला उठवून घराबाहेर काढायचं असेल तर इशारा तिच्या भाषेत असला पाहिजे. हे मी कुठल्या बाजूनं म्हणत नाही. सोलापूर, जतकडच्या कन्नड घरांसाठीही मी हेच म्हणेन. ढगाला आणि पाण्याला राज्याची हद्द कळत नाही, पण त्यांच्याबद्दलची माहिती मात्र हद्दीवर अडते.

आपल्याकडे येणारं बरंचसं पाणी महाराष्ट्रात पडतं. कोयनेतून, राधानगरीतून, काळम्मावाडीतून सोडलेलं पाणी आपल्या बंधाऱ्यांपर्यंत यायला वेळ लागतो, अंतराप्रमाणे काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत. हा वेळ आपल्याला निसर्गानं दिलेला आहे. तो वाया जातो कारण निरोप क्युसेकमध्ये येतो. ‘राजापूर बंधाऱ्यातून अमुक हजार क्युसेक विसर्ग.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. ११,५७४ क्युसेक दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी वाहून जातं. हे तुमच्या मुलांना गणितात करायला द्या, पण गावाला यातून काहीही बोध होत नाही. गावाला हवं असतं ते हे : कारदगा-भोज बंधारा कधी बुडणार? जत्राट-भिवशीवरून दुधाची गाडी उद्या सकाळी जाईल का? कल्लोळ-येडूर रस्ता बंद झाला तर दवाखान्यात कुठून न्यायचं?

माझ्या मते सीमाभागातला चांगला इशारा असा वाचला पाहिजे : ‘उद्या गुरुवारी दुपारपर्यंत भोज-कारदगा बंधाऱ्यावर पाणी येण्याची दाट शक्यता आहे. शुक्रवारी सकाळी मळीतल्या (नदीकाठच्या शेतांतल्या) वस्त्यांत पाणी शिरू शकतं. मळीतली जनावरं आणि पाण्याच्या मोटारी आज संध्याकाळपर्यंत वर आणा. काळजी केंद्र (पूरग्रस्तांचा निवारा) अमुक शाळेत उघडलंय, तिथे जनावरांना चारा आहे. पुढचा निरोप रात्री आठला.’ यात जागा आहे, वेळ आहे, काम आहे आणि पुढचा निरोप कधी येणार तेही आहे. हे शेवटचं वाक्य लोक सोडून देतात. माझ्या अनुभवात अफवा तिथूनच उठतात. पुढचा खरा निरोप कधी येणार हे माहीत असलं की माणूस वाट बघतो, नाहीतर मोबाईलवर आलेला कुठल्यातरी धरणाचा जुना व्हिडिओ खरा मानतो.

चाऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. २०१९ ला एका गावात सगळी गल्ली रिकामी झाली, पण एक म्हातारेबाबा दोन म्हशींजवळ बसून राहिले. म्हणाले, २००५ ला पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, माझा गोठा त्याच्या वर आहे. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं, ते चौदा वर्षांपूर्वीच्या पुराचं होतं. आम्ही त्यांना ‘नदी धोक्याच्या पातळीवर’ म्हणून सांगत होतो. पातळी मीटरमध्ये, त्यांचा हिशेब पायऱ्यांत. शेवटी गावातल्या दूध डेअरीच्या सचिवानं सांगितलं, ‘बाबा, या वेळी पाणी देवळात शिरणार, म्हशी माझ्याकडे वर बांधू.’ पाच मिनिटांत निघाले. इशारा कुणाच्या तोंडून येतो याला फार किंमत आहे. डेअरीचा सचिव, आशाताई, शाळेचे सर, यांच्या हातात निरोप आधी गेला पाहिजे. दवंडी आणि देवळा-मशिदीवरचा भोंगा अजूनही कामाचा आहे, वीज गेल्यावर तर तोच.

मोबाईलवरचा इशारा हवाच. साधा एसएमएस गर्दीत अडकतो. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर संदेश एकदम वाजतो, नंबर माहीत असायची गरज नाही. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा तुमचाही फोन किंचाळला असेल. आपल्याकडचा प्रश्न असा, की सीमेवरच्या गावात फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. म्हणून मी नेहमी आग्रह धरत आलोय, की इशाऱ्याचा पट्टा नदीच्या खोऱ्याप्रमाणे आखावा आणि सीमेवर तो कन्नड व मराठी दोन्हीत जावा. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही.

अंदाज चुकला तर? चुकतो. तेव्हा गप्प बसणं सर्वांत वाईट. ‘काल आम्ही सांगितलेला पाऊस घाटातच अडला, त्यामुळे पाणी दोन फूट कमी आलं’ एवढं दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी पुढच्या वेळी लोक ऐकतात. पन्नास वर्षं आभाळ बघून शेती करणाऱ्या माणसाला अनिश्चितता समजावून सांगायला लागत नाही. तरणा पाऊस लागेल की नाही याचा अंदाज बांधूनच तो पेरतो, रोपं लावतो. त्याला फक्त खरं सांगायला हवं : दहा वेळा असं आभाळ झालं तर सात वेळा पाणी रस्त्यावर येतं. ‘सत्तर टक्के शक्यता’ यापेक्षा हे त्याला चटकन पटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शाळेला करता येण्यासारखं एक काम सांगतो. मिरगाच्या आधी मुलांना घेऊन गावात फिरा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसांना विचारून भिंतींवर, विजेच्या खांबांवर, देवळाच्या पायरीवर पक्क्या रंगानं रेघा मारा. मग पावसाळाभर एक वही ठेवा : रोज सकाळी राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग, काळम्मावाडी आणि राधानगरीचा विसर्ग, घाटातला पाऊस, आणि शेवटच्या रकान्यात आपल्या बंधाऱ्यावर पाणी कितवर आहे ते. दोन-तीन पावसाळ्यांत त्या वहीतून दिसायला लागेल, की वरून एवढं सुटलं की आपल्याकडे किती तासांनी कुठली रेघ भिजते. एवढ्या बारीक माहितीसाठी आम्ही अंदाज करणारे तुमच्या वहीवर अवलंबून असतो. गावात कन्नड शाळा असेल तर ती मुलंही सोबत घ्या, म्हणजे रकान्यांची नावं पहिल्याच दिवशी दोन्ही भाषांत लिहून होतील.